खाकी शर्टाची सायकल-पिशवी

मारुतीअण्णा, गुडघा कसा आहे? संकेश्वरचे आप्पा, ऑपरेशननंतर आता नीट दिसतंय न्हवं? शांताक्का, खोकला थांबला का? आज आमच्या घरी काय झालंय ते मलाच कळेना, म्हणून ग्रुपवर तुम्हाला विचारतोय.

सकाळी सायकलच्या कॅरिअरला दोन्हीकडं लटकणारी पिशवी शिवली. आतून खताचं धुतलेलं पोतं, बाहेरून माझा उद्यमबागेतल्या कारखान्यातल्या नोकरीचा खाकी शर्ट, पट्ट्यांना जुनी ट्यूब. विकत काहीच आणलं नाही. शर्ट कपाटात तळाला पडला होता. पाठीवरचा गुलाल साबणानं घासूनही पुरता गेला नाही, म्हणून तो भाग आत दुमडला.

मोठ्या हौसेनं बायकोला दाखवली. तिनं पिशवी उलटी करून डागावर हात फिरवला.

"रिटायर झालासा त्या दिवशीचा गुलाल हाय ह्यो. धुतलासा?"

"अगं, शर्ट माझाच की!"

"घातला तुम्ही. पंधरा वर्सं जपला कुणी?"

तिनं पिशवीची घडी घातली आणि पुन्हा कपाटात तळाला ठेवली. जेवायला वाढलं आणि आत निघून गेली.

उसवून शर्ट परत शिवावा म्हटलं, तर बाह्या कापून खिसे केलेत. तिनं कधी सांगितलंच नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आक्कांनो, तुम्हीच सांगा, आता काय करू? चहाच्या वेळेआधी लिहा. अंगणात सायकल पुसत बसलोय, आणि सायकल कवाच लख्ख झालीय.