टॅलो बेंडला न पोचलेली गाडी

ओझेल टब्जने आयुष्यात रेल्वेचं तिकीट एकदाही काढलं नाही. पण माउथऑर्गनवर गाडी वाजवायला बसला, की त्याच्याइतका नियमाचा माणूस अख्ख्या मिसिसिपीत सापडला नसता. एरवी कापूस वेचायला आळशी, चर्चमध्ये झोपाळू आणि दुसऱ्याच्या ताटातला तळलेला मासा उचलण्यात तरबेज. अर्धं आयुष्य मी त्याच्या शेजारी बसून तालासाठी धुण्याची पत्र्याची फळी खरवडली, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क आहे.

आमच्याकडे प्रत्येक माउथऑर्गनवाला आगगाडीचे आवाज काढत गाडी वाजवतो. ओझेलची मात्र प्रत्येक स्टेशनावर थांबायची. डॉब्जला पाणी भरायची, स्वीटगमला कुत्री मागे लागायची आणि सर्वांत शेवटी टॅलो बेंडची लांबलचक शिट्टी. टॅलो बेंड म्हणजे त्याच्या बायकोचं, लुव्हिनियाचं माहेर. त्या शिट्टीवर भाळूनच तिने या नगाशी लग्न केलं होतं.

सत्तावीस साली मेम्फिसला ग्रामोफोनच्या तबकड्या भरणारे आले, तेव्हा तिने बजावलं, "माझं गाव तबकडीत आलं पाहिजे. नाहीतर घरी येऊ नकोस."

हॉटेलच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. साहेब म्हणाला, "तीन मिनिटं. लाल दिवा लागला की संपवायचं."

"टॅलो बेंडला पोचायला नऊ लागतात, साहेब," ओझेल म्हणाला.

"मग मधूनच सुरू कर."

"मधूनच कशी? गाडी सुटते तिथूनच सुटणार ना!"

मी त्याच्या पायावर पाय दिला. "अरे गाढवा, शेवटचंच स्टेशन वाजव. बायको घरात तरी घेईल."

"आणि डॉब्जची माणसं? इतकी वर्षं त्यांची मक्याची भाकरी खाल्ली, त्यांना काय तोंड दाखवू?"

दिवा लागला तेव्हा स्वीटगमची कुत्री नुकतीच भुंकायला लागली होती. बाहेर वाजवणाऱ्यांची रांग होती, दुसरी संधी कोण देतो!

तबकडी घरी आली. लुव्हिनियाने शेजारीपाजारी गोळा करून ती लावली. कुत्र्यांपाशी सुई खरखरली, तशी ती आत गेली आणि कडी लावली. ओझेलने ओसरीवर बसून उरलेली सहा मिनिटं वाजवली. शिट्टी झाली, तेव्हा कुठे कडी निघाली. पुढे सव्वीस वर्षं हाच रिवाज झाला: आधी तबकडी, मग ओझेल. तबकडीवाल्यांनी त्याला परत बोलावलं नाही. त्याच्या त्या हट्टाचा मला अजून राग येतो.

गेल्या मार्चात तो गेला. माउथऑर्गनला सैतानाचं खेळणं म्हणणारे आमचे पाद्री लुव्हिनियाचे डोळे बघून बाजूला सरकले आणि तिने अंत्यविधीला चर्चमध्ये ग्रामोफोन लावला. गाडी सुटली. डॉब्ज झालं. कुत्री भुंकली आणि सुई खरखरायला लागली.

सगळे सवयीने ओझेलकडे बघायला लागले. त्याचा माउथऑर्गन माझ्या खिशात होता, पण मला वाजवता कुठे येतो? मी नुसता रडत होतो.

लुव्हिनिया उठून शवपेटीपाशी गेली. तिने तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि शिट्टी दिली, लांबलचक, अगदी बेसूर. मग वाकून म्हणाली, "टॅलो बेंड आलं, ओझेल. उतर आता."