कानामागची जट

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.एस्सी., तेही पहिल्या वर्गात. हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणू नये की पोरगी अडाणी होती म्हणून घाबरली. मी शिकलेली होते, आणि घाबरलेली होते.

मला हात लावलेला सोसत नाही. म्हणजे हळू लावलेला. केसांवरून फिरलेला हात, पाठीला घासून गेलेला कुणाचा पदर, कपाळाला टेकलेलं बोट. तिथं लाल मुंग्या चावत सुटल्यासारखं होतं आणि अंग आपोआप मागं जातं. लहानपणापासून असंच आहे. पण कासारीण बांगड्या भरायला आली, की तिनं हात कितीही दाबला, चुरगळला, तरी मी गप बसायची. आई त्यावरूनच चिडायची.

"कासारणीपुढं गरीब गाय हुतीस, अन् म्या तेल लावाया बसले की किंचाळतीस. आईचाच हात टोचतोय व्हय गं तुला?"

मलाही वाटायचं, नखराच असेल.

पुढं पुढं मानेजवळ, उजव्या कानामागं, मला माझा स्वतःचा कंगवाही लावून घेववेना. वरवर विंचरायची आणि आतला गुंता क्लिपखाली दाबून टाकायची. भावाच्या लग्नाच्या गडबडीत दोन महिने असेच गेले. चूक माझीच.

त्याचं लग्न झालं आणि एका मंगळवारी घरी देवीची परडी भरायची ठरली. येरमाळ्याच्या देवीचं आमच्याकडं पिढ्यान्पिढ्यांचं आहे. वेताच्या परडीत शिधा ठेवतात, आराधिणी येऊन गाणी म्हणतात. माझी आत्या, वडलांची थोरली बहीण, स्वतः आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, आणि घरात शब्द तिचाच. भर दुपारी पत्र्याखाली पंधरा-वीस बायका दाटीनं बसलेल्या, संबळ वाजतोय, घामानं ब्लाऊज अंगाला चिकटलाय. मी मधे अडकले होते. पाठीला कुणाचा पदर, दंडाला कुणाचं कोपर. आत्यानं कुंकवात बुडवलेली बोटं माझ्या कपाळावरून हलकेच ओढली, मळवट भरायला.

मी ओरडले. अंग थरथरायला लागलं, ते थांबेना.

"आली! आली गं आई!" कुणीतरी म्हणालं.

संबळ चढला. बायका एकेक करून माझ्या पावलांवर कपाळ टेकायला लागल्या. प्रत्येकीचे केस, प्रत्येकीचा श्वास माझ्या पायांना लागत होता. जितक्या पाया पडत होत्या, तितकी मी जास्त कापत होते, आणि जितकी कापत होते, तितक्या जास्त पाया पडत होत्या.

आत्यानं हात जोडून विचारलं, "माय, काय मागणं हाय तुजं?"

"हात लावू नका!"

सगळ्या झटकन मागं सरल्या. माझ्याभोवती मोकळी जागा झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट मागितली आणि ती लगेच मिळाली. किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्या बरं वाटण्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. क्षणभर मनात आलं, खरंच आली असेल तर? मी बोलले, की तिनं?

त्या झटापटीत क्लिप निघाली होती. आत्यानं लांबूनच बोट दाखवलं. "ही बगा जट. आईनं खूण आधीच दिली, आपल्याच ध्यानात आली न्हाय. आता कंगवा लावायचा न्हाय, कातर तर न्हायच न्हाय. चैती पुनवंला डोंगरावर न्हिऊन माळ घालू."

माळ घालायची म्हणजे पोरगी देवीची झाली. मग मंगळवार-शुक्रवार जोगवा, लोकांचे प्रश्न, लोकांची गाऱ्हाणी. नोकरी आणि संसार दुसऱ्यांनी करायचे. आमच्या गावात अशी एक म्हातारी होती. तिची जट कमरेपर्यंत लोंबायची आणि तिच्या वजनानं मान कायमची एका बाजूला कलली होती. लहानपणी मी तिला बघितलं की रस्ता बदलायची. आता रोज आरशात मान सरळ आहे का बघायला लागले.

मंगळवारी बायका यायच्या. लांबून हात जोडायच्या, नारळ ठेवायच्या. कुणी म्हणजे कुणी हात लावत नव्हतं. गप राहिले असते, तर जन्मभर कुणी लावला नसता. पण गुंत्याखालची कातडी ठणकायला लागली, उशीला वास यायला लागला, आणि पुनव जवळ आली.

नोकरीचा फॉर्म भरायचाय अशी थाप मारून धाराशिवला गेले. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला. आधी कातडीच्या डॉक्टरांकडं बसले, त्यांनी जखमेचं औषध लिहिलं आणि माझं अंग चोरणं बघून मानसिक आजारांच्या खोलीत पाठवलं. दारावरची पाटी वाचून बाहेरच थांबले. घरात देवी, इथं वेडी. मधलं काही माझ्यासाठी आहे की नाही?

आतल्या मॅडमनी दार लावलं आणि लांबच बसून विचारलं, "हळू लावलेल्या हाताचा त्रास जास्त होतो, की दाबून धरलेल्याचा?"

मी रडायला लागले. तेवीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

त्या म्हणाल्या, काही जणांच्या मेंदूला साधा स्पर्शसुद्धा धोक्यासारखा वाटतो. हे वेड नाही आणि नाटकही नाही. व्यायाम आहेत, सराव आहे, वेळ लागेल. पूर्ण जाईल असा शब्द देत नाही, पण सोसण्याइतकं होईल. "ती जट मात्र आठवड्याच्या आत कापा. आत चिघळलंय."

तिथंच कापून घ्यायचं ठरलं. नर्सबाई कात्री घेऊन आल्या. बिचारीनं मायेनं, अगदी हलक्या हातानं केस बाजूला केले, आणि मी खुर्चीसकट मागं कोसळले. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेव्हा त्यांचा हात मी झिडकारला. पहिल्या वर्गातली बी.एस्सी. मी!

मॅडम म्हणाल्या, "घरात घट्ट धरणारं कुणी आहे का? तुमचा विश्वास असलेलं?"

"नाही," म्हणून निघाले.

येडशीच्या पुढं एस.टी. थांबली. मेंढ्या रस्त्यात आल्या होत्या. एक उधळलेली मेंढी मेंढक्यानं धरली, दोन्ही गुडघ्यांत आवळली, आणि ती गप झाली. माझे वडील हेच करतात. जन्मभर हेच करत आलेत.

घरी गेले ती थेट मेंढ्यांकडं. वडील पाणी पाजत होते. "आबा, मला देवी आलेली नाही," म्हणाले आणि सगळं सांगितलं. "मला घट्ट धरा आणि जट कापा." ते बादलीकडंच बघत राहिले.

"अन् आली असली तर?"

"मग तिला सांगा, पोरीनं स्वतः कापली. तुमचं नाव नको."

"खोटं कशापायी बोलायचं तिच्यासंगं?" त्यांनी बादली दुसऱ्या मेंढीपुढं सरकवली. मग म्हणाले, "मेंढी बिचकती ती हलक्या हातालाच. गच धरली की गप बसती. पर तू काय मेंढी न्हायस, बाय."

"आजच्या दिवस समजा."

त्यांनी टोपी काढली, येरमाळ्याच्या डोंगराकडं तोंड करून हात जोडले. लोकर कातरायची कातर गरम पाण्यानं धुतली. मी खाली बसले. "धरतो बरं का," म्हणाले आणि माझं डोकं त्यांनी गुडघ्यांत असं आवळलं की कानात गुणगुण व्हायला लागली. कातरीचा आवाज हाडातून आला. मी दात आवळून धरले, पण मागं सरले नाही.

आत्या संध्याकाळच्या आत दारात. "आरं काय केलंस ह्ये? घरात काय इपरीत झालं तर कुणाच्या मानंवर?"

"माझ्या," वडील म्हणाले.

आत्या पाणी न पिता गेली.

पुनवेपर्यंतचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. एक कोकरू खोकलं की आई आधी माझ्याकडं बघायची. भावाला ताप आला, तो दोन दिवसांत उतरला, पण त्या दोन दिवसांत मला अन्न गेलं नाही. शिक्षणानं काय होतं? भीती कशाची आहे ते कळतं. ती जात नाही.

पुनवेला वडील एकटेच डोंगरावर गेले. कापलेली जट नव्या खणात बांधून बरोबर नेली. मी दारातच बसून होते. ते दुपारी आले, तोंड उन्हानं काळं पडलेलं. माझं धाडस होईना, आईनंच विचारलं.

"काय म्हणाली देवी?"

वडलांनी तांब्या तोंडाला लावला, सगळा रिकामा केला.

"काय न्हाय. गर्दी लई हुती."

मग माझ्याकडं आले, हातभर लांब थांबून विचारलं, "धरू का?" मी मान डोलावली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दाबून.