खळीचा वास

हिवाळ्याच्या तोंडाशी, नागपूरच्या कडेला असलेल्या बेसाच्या नव्या इमारतींवर सकाळचं ऊन फार सावकाश उतरतं. आधी गच्चीवरच्या टाक्यांवर, मग रंगाचा वास न गेलेल्या भिंतींवर, आणि सगळ्यात शेवटी, आठवण झाल्यासारखं, आमच्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीत. त्या खिडकीत माझी ओढणी टांगलेली असे. बाबांनी आपल्या हातमागावर विणलेली, मी अजून एकदाही न धुतलेली. ऊन लागलं की तिच्यातून खळीचा वास सुटे. खळ म्हणजे सुताला बळ यावं म्हणून त्याला पाजतात ती तांदळाची पेज. उमरेडच्या आमच्या घरात हा वास इतका मुरलेला, की अठरा वर्षांत मला तो कधी जाणवलाच नाही. नागपुरात शिकायला आले, बॅग उघडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो आला.

वनस्पतिशास्त्राच्या पहिल्याच तासाला मॅडमनी प्रत्येकाला विचारलं होतं, हा विषय का घेतला. मी उत्साहानं उठून म्हणाले, “मले झाडं लय आवडतात.” वर्गात हशा पिकला. त्यात दुष्टपणा नव्हता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांच्या आधी मीच हसले होते. आपल्यावर कोणी हसण्याआधी आपणच हसून घ्यावं, हे शहाणपण मला कुठून सुचलं देव जाणे. ‘ले’ आणि ‘ला’, अंतर ते केवढं? पण त्यानंतर मी प्रत्येक वाक्य मनातल्या मनात धुऊन, पिळून, वाळवून मगच ओठांपर्यंत आणू लागले, आणि ते तिथवर येईतो वर्ग पुढच्या प्रश्नावर गेलेला असे. घरी जिच्या तोंडाला कुलूप नव्हतं ती शीतल श्रावण सरला, दिवाळी सरली तरी वर्गात मुकीच होती. मला याची फार लाज वाटायची, आणि त्याहून जास्त राग यायचा.

मग सेमिनारची यादी लागली. माझा विषय होता स्टार्च, आणि मला सगळ्यांसमोर दहा मिनिटं बोलायचं होतं. आदल्या दिवशी दुपारभर मी आरशासमोर उभी राहून ‘मला वाटतं’, ‘मला सांगायचं आहे’ घोकत राहिले. समोरची मुलगी स्वच्छ बोलत होती, पण तिचं बोलणं ऐकताना पाहुण्यांच्या घरी अवघडून बसल्यासारखं होत होतं. बाहेर कडुनिंबाची सावली कुंपणापर्यंत लांबली. मी आरशासमोरून हटले, बॅग काढली आणि कपडे भरू लागले. संध्याकाळच्या एसटीनं उमरेड गाठायचं, आणि पुन्हा यायचं नाही. एवढं आईला सांगितलं की झालं.

माझ्या मोबाईलची बॅटरी उतरली होती. खोलीत सोबत राहणाऱ्या मधुरानं काही न विचारता आपला फोन पुढे केला. पलीकडे फोन उचलला गेला आणि आधी ऐकू आली ती बाबांच्या मागाची खटखट. दुपारभर घोकलेली भाषा जिभेवरून अजून उतरलेली नव्हती. मी म्हणाले, “हॅलो, शीतल बोलतेय. मला जरा महत्त्वाचं सांगायचं होतं.”

“शीतल घरी नाही जी,” आई अदबीनं म्हणाली. “ते नागपूरले शिकते. तुमी कॉलेजातल्या मॅडम हाय का?”

अनोळखी नंबर, मागाचा आवाज, त्यात अर्धंमुर्धं ऐकू आलेलं नाव. चूक समजण्यासारखी होती. पण आईनं माझा आवाज ओळखला नव्हता. माझ्या गप्प राहण्याला ती मॅडमचा होकार समजली आणि आवाज जरा खाली आणून, संकोचानं बोलू लागली.

“बरं झालं जी, तुमीच फोन केला. मले लय दिवसाचं इचारायचं होतं. पोरगी आमची लय बोलकी हाय, घरी तिचं तोंड बंद नसते. पन आताशा फोनवर दोन शब्द बोलते अन् ठेवून देते. मले वाटते, वर्गात बोलून राहिली असन, म्हून थकत असन. बोलते ना जी ते वर्गात?”

खिडकीतली ओढणी आता सावलीत गेली होती. जे सांगायला फोन केला होता ते ओठांवर तयार होतं, पण या प्रश्नासमोर ते सांगायचं तरी कोणी? मॅडमनी, की मी? डोळे भरून आले, आणि मग न धुतलेलं, न पिळलेलं वाक्य आपसूक बाहेर पडलं.

“बोलीन वं माय.”

पलीकडे आईनं बाबांना हात केला असावा, माग थांबला.

“शीतल? तूच होय का वं?”

“हाव, मीच.”

आई आधी हसली, मग बोलणी खाल्ली मी तिची, मग दोघीही थोडं रडलो. एवढं महत्त्वाचं काय सांगायचं होतं, असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हणाले, काही नाही, खळ कशी करते ते सांग.

दुसऱ्या दिवशी मी ती ओढणी घेऊन वर्गात गेले. मॅडमनी फळ्यावर विषय लिहून खडू खाली ठेवला. कापलेल्या बटाट्यावर मी आयोडीनचा थेंब टाकला, तो निळाकाळा पसरत गेला, आणि मी तोंड उघडलं तेव्हा पहिलं वाक्य आलं ते असं : “आमच्या घरी तांदळातल्या स्टार्चची खळ करतात, सुताले पाजाले.”

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. या वेळी मी मात्र हसले नाही. ओढणीचा पदर टेबलावर पसरला आणि पुढे बोलत राहिले.