खाऱ्या विहिरीचं कलम

ये, जवळ बस. तुझ्यावर रागावलेच आहे मी. फोनवर "मावशी, कशी आहेस" विचारतेस अन् माझं उत्तर यायच्या आत ठेवून देतेस. असं करतं का कुणी? आता ही चिठ्ठी तरी पुरती वाच.

माझी लेक, तुझी मावसबहीण, प्रयोगशाळेत पाणी धरून ठेवणारे दाणे बनवते. कपाशीच्या मुळाशी टाकले की पावसाने दडी मारली तरी ओल राहते. उन्हाळ्यात ती पहिले दाणे घेऊन दिग्रसला आली. अंगणात सगळ्यांसमोर बरणीत आपल्या विहिरीचं पाणी ओतलं, दाणे टाकले. तिकडे प्रयोगशाळेत फुगून टपोरे व्हायचे, इथे जेमतेम ओले झाले. आपलं खारं पाणी तू जाणतेसच, तुरीची डाळ शिजू देत नाही.

माझे भासरे, म्हणजे तिचे थोरले काका, खाटेवरून म्हणाले, "साबुदाणा भिजवाले एवढी शिकली काय वो माय?"

सगळे हसले, ती नाही. शेतातल्या पाण्यात चाललं नाही तर हा विषय सोड, असं तिच्या सरांनी बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेंगा सोलता सोलता तिने मला समजावलं. दाण्यात माळेसारखी लांब साखळी असते. तिचे बहुतेक मणी तहानलेल्या जातीचे. ते पाणी ओढतात, पण क्षार दिसले की अंग चोरतात. दुसऱ्या जातीचे कमी पितात, पण क्षारांना भीत नाहीत. दोन्ही नुसते मिसळले तर लगदा होतो.

"आता मधली साखळी एका जातीची, अन् तिले फांद्या दुसऱ्या जातीच्या. आमच्यात याले कलमच म्हणतात, आई."

कलम म्हटल्यावर मला धीर आला. बांधावरच्या गावठी बोरीवर मी स्वतः कलम केलंय.

जाताना तिने विहिरीच्या पाण्याची कॅन नेली. तुमच्याकडे नळ नाही काय, असं कंडक्टरने विचारलं म्हणे. मग कधी फांद्या आखूड पडायच्या, कधी दाटी व्हायची. फोनवर तिच्या "हं" वरूनच मला कळायचं.

दिवाळीआधी ती आली. तेच अंगण, तेच पाणी. अन् दाणे फुगत गेले, फुगत गेले, काचेला भिडले. भासरे उठून आले, एक दाणा चिमटीत दाबून पाहिला, थेंबही गळेना.

"पाणी सोडूनच नाही राह्यला हा," ते म्हणाले, अन् मिरचीच्या वाफ्यासाठी मूठभर मागितले. विषय तिचाच राहिला. त्या दिवशी मी आख्ख्या गल्लीला चहा पाजला.

वाफ्यातली मिरची आता लाल होते आहे. तोडायच्या आत ये, दोन दिवस राहा. फोन करू नको, सरळ एसटीत बस.