चिठ्ठीमास्तर

चिठ्ठीमास्तरांच्या खोलीत प्रत्येक वस्तूला चिठ्ठी होती. खुर्चीला निळी, छत्रीला तांबडी, दाराला निळी, पुस्तकाला तांबडी. मी मास्तर होतो त्याच शाळेत ते ड्रॉइंग शिकवत आणि चाळीत माझ्या शेजारी राहत. मला पहिल्या दिवसापासून त्यांचा संशय होता. सरळ माणूस छत्रीला चिठ्ठी कशाला लावेल?

विचारले की हसत. "स्पॅनिश शिकतोय की! तांबडी म्हंजे पुल्लिंगी, म्होरं 'एल' लावायचं; निळी म्हंजे स्त्रीलिंगी, तिला 'ला'." मग दारावर टिचकी मारून म्हणत, "कुठलंबी एखादं दार असलं तर 'ऊना'. हे आपलं रोजचं दार, म्हणून 'ला'. लई बारीक भाषा हाय!" एवढा आनंद वर्गातल्या पोरांनी आंबा बरोबर काढला तरच त्यांच्या तोंडावर दिसे. पण ड्रॉइंगमास्तराला स्पॅनिश कशाला, हे ते सांगत नसत. परदेशी तिकिटाचे पाकीट आले की छातीशी धरून आत जात आणि कडी लावत. माझा संशय पक्का होई.

सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा जो तो शेजाऱ्याकडे तिरके पाहू लागला. त्या चिठ्ठ्या म्हणजे खुणा आहेत, मास्तर हेर आहेत, हे घरमालकाच्या कानात मीच घातले. कुणाचे हेर, ते मलाही ठाऊक नव्हते. मालकाने आठवड्यात खोली खाली करायला लावली. मास्तर भांडले नाहीत. चिठ्ठ्या नखाने अलगद सोडवून त्यांनी डबीत भरल्या.

"आत येऊन विचारायचं होतं की हो," एवढेच मला म्हणाले, आणि एका ओळखीच्याच्या पडवीत राहायला गेले.

महिन्याने चाळीच्या पत्त्यावर त्यांचे पाकीट आले. मी ते पडवीत नेऊन दिले. वाचता वाचता त्यांचे डोळे भरले.

"धाकटा भाऊ बोटीवर गेला, अर्जेंटिनात लग्न केलं. घरच्यांनी नाव टाकलं. गेल्या साली तितंच वारला. त्याच्या बायकोला स्पॅनिशबिगर दुसरी भाषा येत न्हाय. मी लिहिलं होतं, पोरीला घेऊन या, माझी खोली हाय."

"मग?"

"निघते म्हणती."

मी धावत मालकाकडे गेलो, हातापाया पडलो. खोलीत दुसरे बिऱ्हाड आले होते. मी परतलो तोवर मास्तरांनी उत्तर लिहून पाकीट चिकटवले होते.

"काय लिहिलंत?"

"येऊ नका म्हणून. पोस्ट तुमच्या वाटेवर हाय, तेवढं टाकता का?"

मी टाकले.