बुटांच्या तळाची लव

कामावरून आली की घरात शिरण्याआधी आत्या दारातले सगळे चपला-बूट उलटे करून त्यांच्या तळावरून हात फिरवायची. बाबांचे, आईचे, माझे. मग जोड भिंतीला सरळ लावून आत.

"वन्सं, आमचा माल पास की नापास?" आई आतून विचारायची.

"वहिनी, तुमचा डावा झिजलाय. तिरक्या चालता तुम्ही. बोलता तशाच."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची आणि बुटांच्या कारखान्यात जायची. तिचं काम ऐकून नवं माणूस हसायचंच. रबरी तळाचा धडधाकट बूट तिच्यापुढे यायचा आणि ती त्या तळावर गोंद लावून कापडाची पातळ लव चिकटवायची. रस्त्यावर थोडं चाललं की ती लव झिजून जायची. ती टिकावी असं कुणालाच वाटत नव्हतं. माल ज्या देशात जायचा, तिथे रबरी तळाच्या बुटावर भरमसाट जकात होती आणि कापडी तळाच्या, घरात घालायच्या सपातांवर अगदी थोडी. तळाचा बराचसा भाग लवेने झाकला, की बंदरावरच्या अधिकाऱ्याच्या लेखी बुटाची सपात व्हायची.

"म्हणजे तुम्ही फसवता त्यांना?" मी एकदा विचारलं होतं.

"फसवतो कसलं? नियम त्यांनीच लिहिलाय. आम्ही फक्त चिकटवतो."

लव सारखी बसली की नाही, हे डोळ्यांना नीट कळायचं नाही. खाली हवेचा फुगा राहिला असेल तर तो तळहातालाच लागायचा, आणि आत्याच्या तळहाताला आधी लागायचा. खात्यातल्या बायका शंकेचे जोड तिच्याकडे सरकवायच्या. संध्याकाळी ती गोंद सुटावा म्हणून बादलीभर गरम पाण्यात बोटं भिजवून बसायची. तेवढा वेळ तिच्याशी कुणी कामाचं बोलायचं नाही.

मग बातमी आली, की पुढच्या एका तारखेपासून आपल्याकडून जाणाऱ्या सगळ्याच पादत्राणांवर एकसारखी वाढीव जकात लागणार. लव असो की नसो. दोन सरकारांचं कशावरून तरी बिनसलं होतं.

आम्हाला वाटलं, आता काम आटणार. झालं उलटंच. तारखेच्या आत जेवढा माल बंदराबाहेर पडेल तेवढा परदेशातल्या व्यापाऱ्यांना हवा होता. कारखाना फुगला. जादा पाळ्या लागल्या. आत्याच्या शेजारी बसणारी, सगळे जिला चिमणी म्हणायचे ती, आमच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "अशीच दरवर्षी जकात वाढू दे गं बाई!" सगळे हसले. आत्याही हसली.

घाईसाठी नवा गोंद आला. तो लगेच वाळायचा आणि त्याला गोडसर वास होता. पंखा लावला की लवेचे तुकडे उडून ओल्या गोंदावर बसायचे, जोड वाया जायचे. म्हणून सुपरवायझरने पंखे बंद केले, मग खिडक्याही. आत्या आपल्या मागची खिडकी उघडायची, तो येऊन लावून घ्यायचा.

"हवा खायची असेल तर बागेत जा, बाई. तारीख जाऊ दे, मग हवी तेवढी उघडा."

तारीख जाऊ दे, हे वाक्य आमच्या घरातही राहायला आलं. आत्याच्या केसांना तो गोड वास यायला लागला, उशीलाही. ती जेवताना डोकं धरून बसायची. आई डॉक्टरचं नाव काढायची, ती म्हणायची, तारीख जाऊ दे.

एकदा दारात तिने माझ्या बुटाच्या तळावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि "ठीक आहे" म्हणून तो खाली ठेवला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तळातून काचेचा तुकडा उपटून काढला.

दुसऱ्या एका संध्याकाळी ती जिना चढून आली, तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती.

"वन्सं, दुसरी काय कारखान्याला दान केली?" आई खळखळून हसली.

आत्याने खाली पाहिलं. पाय दुसऱ्या कुणाचा असावा तशी पाहत राहिली. मग हसली, पण जरा उशिरा. मी खाली गेले. चप्पल रस्त्याच्या पार पलीकडे पडली होती. तेवढं अंतर ती अनवाणी पायाने खडीवरून चालत आली होती.

तारीख गेली. जहाज गेलं. त्यानंतर खरेदीदाराचा माणूस पाहणीला आला. आत्याने जेवताना सांगितलं, "दर वेळी तो जोड हातात घेतला की आधी उलटा करतो. आज केलाच नाही. शिवण पाहिली आणि ठेवून दिला."

बाबांचा घास हातातच राहिला.

लवेचं खातं बंद झालं. जकात आता दोन्ही तळांवर सारखीच, मग लव कशाला? थोड्या बायकांना शिलाईत घेणार होते, पण आधी हातशिलाई करून दाखवायची होती. बुटाच्या आत, जिथे नजर पोचत नाही तिथे, बोटाने भोक चाचपून सुई काढायची. आत्या लवेच्या आधी कितीतरी वर्षं शिलाईतच होती.

"तुम्हाला कसली परीक्षा?" चिमणी म्हणाली. "हात काय विसरतात होय?"

आई निश्चिंत झाली. आत्या दिवसभर पदराखाली एका हाताची बोटं दुसऱ्या हाताने चोळत बसली होती.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती बाहेरून आली आणि चपलांकडे न बघता सरळ आत गेली. म्हणाली, हात जरा शेकते, उद्या बोटं मोकळी हवीत. मी चुलीवरचं उकळतं पाणी बादलीत ओतलं आणि विसण घालायला गार पाण्याचा तांब्या आणायला वळले.

परत आले तर बादलीतून वाफ वर येत होती. आत्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत आत होते. पाण्याच्या वरची कातडी लालबुंद झाली होती. चेहरा मात्र शांत होता. माझ्याकडे बघून ती म्हणाली,

"पाणी नीट तापलं नाही वाटतं गं."