शेपटीतली गाठ

इर्मट्राउड केसिंगने एकतीस वर्षं कॉर्सेटच्या कारखान्यात काढली. बायकांच्या छात्या आणि कंबरा मोजून मोजून तिची नजर अशी तयार झाली होती, की समोरून येणारी बाई कुठल्या मापात स्वतःला कोंबून चालली आहे हे ती रस्त्याच्या पलीकडून सांगायची. मालकांनी कारखाना पोलंडला हलवला. मग इर्मट्राउडने ती मापाची टेप आपल्या पर्समध्ये टाकली आणि कुत्र्यांची मापं घ्यायला लागली.

तिचा नवरा आल्फोन्स शिकारी. लांब अंगाचे, आखूड पायांचे डाकेल कुत्रे त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या. त्यांतही सगळ्यात लहान जात, सशाच्या बिळात शिरणारी. पंधरा महिन्यांचं झाल्यावर या कुत्र्याची छाती तीस सेंटिमीटरच्या आत हवी, नाहीतर लहान जातीच्या नोंदवहीत नाव लागत नाही. आल्फोन्स गेल्यावर डाकेलवाल्यांच्या क्लबने इर्मट्राउडलाच तपासनीस केलं. कुणाच्या कुत्रीला वेत द्यायचं, म्हणजे पिल्लं होऊ द्यायची, आणि कुणाच्या नाही, ते ती ठरवायची. लोक मोजणीच्या आधी दोन-दोन दिवस कुत्र्याला उपाशी ठेवत. इर्मट्राउड बरगड्यांवरून हात फिरवायची आणि टेप न काढताच म्हणायची, "आधी याला जेवू घाला. मग दोघंही माझ्यासमोर या."

टेपपेक्षा लोक तिच्या बोटांना जास्त घाबरत. शेपटीत एखादं हाड वाकडं असलं, गाठ असली, की ते जनावर बाद. पिल्लाची शेपटी ती मुळापासून टोकापर्यंत चिमटीत धरून न्यायची. शिवणीतला चुकलेला टाका अंधारातही शोधणारी ती बोटं. "गाठ आहे," ती म्हणाली की संपलं. वीस वर्षांत तिच्याशी कुणी वाद घातला नव्हता.

अशा या बाईने एकदा खोटं लिहिलं होतं.

तिची हाइडे नावाची कुत्री होती. हाइडेच्या आईचं पोट फाडूनच पिल्लं काढावी लागली होती. हाइडेचं पहिलं वेतही तसंच, ते इर्मट्राउडने कागदावर खरं लिहिलं. दुसऱ्या वेळीही सिझर. दोनदा सिझर झालेल्या कुत्रीला पुढे वेत द्यायचं नाही, असा क्लबचा नियम. तो नियम सभेत हात वर करून मांडणारी इर्मट्राउडच. आणि हाइडेचं डोकं इतकं सुबक, चाल इतकी सरळ, की एक तिसरं वेत तरी हवंच होतं. कागदावर तीन चौकोन होते : नैसर्गिक, मदत घेऊन, शस्त्रक्रिया. तिने मधल्या चौकोनात फुली मारली. ऑपरेशन करणारे म्हातारे डॉक्टर त्याच हिवाळ्यात वारले. आणि हाइडे त्यानंतर कधी गाभणच राहिली नाही. म्हणजे खोट्याचा उपयोगही झाला नाही.

त्या दुसऱ्या वेतात दोन माद्या होत्या. त्या वेताला नावांसाठी 'म' अक्षर आलं होतं, म्हणून एक मिर्टे, एक माल्वे. मिर्टे इर्मट्राउडने ठेवली. माल्वे नुरसेलला दिली.

नुरसेल वृद्धाश्रमात काम करायची. तिशीची, चटपटीत, तुर्की घरातली. कुत्रं घरात आणलं म्हणून तिच्या आईने सहा महिने तिच्याकडचा चहा घेतला नव्हता. सातव्या महिन्यात माल्वे आईच्याच मांडीवर झोपायला लागली. चार वर्षांनी, एप्रिलच्या सुरुवातीला, नुरसेल माल्वेला काखेत घेऊन इर्मट्राउडच्या स्वयंपाकघरात आली.

"फ्राऊ केसिंग, माल्वेला वेत द्यायचंय. रीतसर करायचंय सगळं," ती म्हणाली. "आश्रमातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची पिल्लांसाठी नावंही सुचवून झालीत. पण तुम्ही हो म्हणालात तरच."

मिर्टे टेबलाखाली होती. तीन दिवसांपूर्वीच इर्मट्राउड तिला क्लबच्या अध्यक्षांकडे, वीखिंगकडे घेऊन गेली होती. वीखिंगच्या नरापासून वेत धरायचं, आणि मोबदल्यात वीखिंगने वेतातलं पहिलं पिल्लू आपल्या पसंतीने उचलायचं, अशी रीत. इर्मट्राउडने पुष्कळ विचार केला होता. मिर्टेचं हे पहिलंच वेत, आत्ता नाही तर पुढे नियमाच्या वयात बसणार नाही. ही गेली की आल्फोन्सने जपलेलं सगळं संपलं. धोका आहे, पण आपल्याला तो ठाऊक आहे. दिवस मोजू, कळांची वाटच बघायची नाही, ठरल्या दिवशी डॉक्टरांकडे नेऊ. माहीत असलेल्या माणसाने केलं तर चालतं, असं तिने स्वतःला पटवलं होतं.

नुरसेलला ते माहीत नव्हतं.

"तिच्या आईची बाळंतपणं कशी होती हो?" नुरसेलने वही काढली. "पुस्तकात लिहिलंय, हे आधी विचारायचं."

इर्मट्राउडने माल्वेला टेबलावर घेतलं. छाती मोजली. साडेएकोणतीस. दात बघितले. मग शेपटी चिमटीत धरली आणि सावकाश टोकापर्यंत नेली. एकसंध, गुळगुळीत, नव्या दोऱ्यासारखी शेपटी होती ती.

"गाठ आहे," इर्मट्राउड म्हणाली.

"कुठे?"

"टोकाच्या अलीकडे. तिसरं हाड."

नुरसेलने स्वतः चाचपून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "मला तर नाही लागत."

"तुझ्या बोटांना नाही कळायचं, पोरी."

"पण लहानपणी तुम्हीच तपासलेली ना? तेव्हा नव्हती?"

"कधीकधी वाढताना येते." इर्मट्राउडने टेप गुंडाळली. "बिनपिल्लाची कुत्रीही सुखात जगते. माझं ऐक. तिला वेत देऊ नकोस."

हे शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं. नुरसेलने वही मिटली. बिचारीने आभारही मानले.

इर्मट्राउडला त्या दिवशी हलकं वाटलं. कागद झाकलेला राहिला आणि कुत्रीही वाचली. एका दगडात दोन पक्षी मारून ती बटाटे सोलायला बसली.

क्लबची सभा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, खानावळीच्या मागच्या खोलीत. मेच्या सभेला नुरसेल आली, कोपऱ्यात बसली. वीखिंगने ग्लास उंचावला. "आनंदाची बातमी! आपल्या इर्मट्राउडची मिर्टे गाभण आहे. नर कुणाचा, ते मी सांगत नाही, मी फार विनयशील माणूस आहे." सगळे हसले.

नुरसेल हसली नाही. बाहेर कोट घालताना तिने इर्मट्राउडला गाठलं.

"मिर्टे म्हणजे माल्वेची सख्खी बहीण."

"हो."

"तिच्या शेपटीत नाही गाठ?"

"नाही."

"बरंय." नुरसेलने बटणं लावली. "बाजारात दुसरं दुकान नको, एवढंच सांगायचं होतं तर तसं सांगायचं, फ्राऊ केसिंग. मला राग आला नसता."

मागून वीखिंगचा आवाज येत होता, ती यादी कुठे आहे, सॉसेजचे पैसे कुणी भरले. इर्मट्राउड यादी शोधायला आत गेली.

मिर्टेचं सिझर जूनच्या सुरुवातीला, ठरल्या दिवशी, सकाळी दहाला झालं. तीन पिल्लं, तिन्ही माद्या, तिन्ही जिवंत. इर्मट्राउड त्यांना उबदार टोपलीत घालून घरी घेऊन आली. सगळं मनासारखं झालं होतं.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, दाराची घंटा वाजली. दारात नुरसेल. अंगात आश्रमाचा निळा झगा, त्यावर वाळलेलं रक्त. हातात बुटांचा खोका, खोक्यात टॉवेल, टॉवेलमध्ये गरम पाण्याची बाटली आणि तिला चिकटलेली दोन पिल्लं.

"डॉक्टरीणबाईंनी पाठवलं," ती म्हणाली. "या भागात दूध असलेली कुत्री एवढी एकच आहे म्हणाल्या. नाहीतर मी आले नसते."

"माल्वे?"

"ऑपरेशनच्या टेबलावर गेली. एक अडकलं होतं. रविवार, पहिला दवाखाना बंद, दुसरा चाळीस किलोमीटरवर. गाडीत मागे आई तिला धरून बसली होती." नुरसेल हे सगळं एखाद्याचा पत्ता सांगावा तसं सांगत होती. "नर शेजारच्या सिगारेटवाल्याचा डाकेल होता. जाडा आहे जरा. कागदांशिवाय म्हणजे कागदांशिवाय, म्हटलं. म्हाताऱ्यांना कशाला हवेत कागद?"

इर्मट्राउडने खोका घेतला. एकेका पिल्लाला मिर्टेच्या अंगावर चोळलं, तिचा वास लावला आणि तिच्या पोटाशी सरकवलं. मिर्टेने त्यांना हुंगलं, चाटलं. पोटावरचा टाक्यांचा व्रण अजून गुलाबी होता. पिल्लं त्याच्या दोन्ही बाजूंना लुचायला लागली.

नुरसेल त्या व्रणाकडे बघत होती.

"हे काय आहे?"

"सिझर."

"हिलाही अडलं?"

"अडू दिलंच नाही. आधीच ठरवलं होतं."

"आधीच?" नुरसेल खाली फरशीवर बसली. "का आधीच?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि इर्मट्राउडने सांगितलं. हाइडेचं, हाइडेच्या आईचं, मधल्या चौकोनातल्या फुलीचं. शेपटीचंही. सांगून झालं तेव्हा चूल बंद करायची राहून गेली होती आणि बटाट्यांचा करपट वास सुटला होता.

"शेपटीतल्या गाठीनं कुणी मरतं का हो?" नुरसेल म्हणाली. "मी आईला विचारलं, ती म्हणाली, वाकडी शेपटी म्हणजे काय, माझं नाकही वाकडं आहे, मी पाच पोरं काढली. आम्ही हसलो. मला जर सांगितलं असतं, की हिची आजी अडली, हिची आई दोनदा अडली, तर मी तिला घराबाहेर सोडलं असतं का? मी रोज मरणारी माणसं बघते, फ्राऊ केसिंग. मरणाला घाबरते मी. शेपटीला नाही."

ती उठली, खोका उचलला, पिल्लांकडे हात नेला. पिल्लांची तोंडं सडांना घट्ट लागलेली होती. तिचा हात तसाच थांबला. मग रिकामा खोका तिथेच ठेवून ती निघून गेली.

त्यानंतर पाच आठवडे ती रोज आली. कामाची पाळी संपली की यायची, फरशीवर बसायची, पिल्लांना तोलायची, मिर्टेशी तुर्कीत बोलायची. इर्मट्राउड कॉफी करून तिच्याजवळ ठेवायची. ती कॉफी निवून जायची.

जुलैच्या सभेत इर्मट्राउड उभी राहिली. उन्हाळी सहलीचा विषय चालू होता. तिने सांगितलं की तिने हाइडेच्या कागदावर खोटं लिहिलं, त्या घराण्यात तीन पिढ्या माद्या अडत आल्या आहेत, आणि तिने तपासनीसपद सोडलं आहे.

वीखिंग म्हणाला, "इर्मट्राउड, तुझी झोप नीट होते ना?"

"मी काय सांगतेय ते ऐकलंस का?"

"ऐकलं की. चार वर्षांपूर्वीचं मढं कशाला उकरायचं आता?"

एक बाई ग्लासकडे बघत म्हणाली, "नाहीतरी मदत म्हणजे मदतच. डॉक्टरनं केली मदत." दोघं-तिघं हसले. उरलेले बिअरचा फेस निरखत राहिले. इर्मट्राउडने त्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. ही मापं तिला ओळखता येत होती. किती जणांनी त्या मधल्या चौकोनात आपली कुत्री कोंबली होती, ते तिने वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. राजीनामा नामंजूर झाला. सहल हार्त्स डोंगरात ठरली.

पिल्लं द्यायची वेळ आली त्या सकाळी वीखिंग आला. रीतीप्रमाणे पहिली निवड त्याची. टोपलीपाशी वाकून त्याने मिर्टेच्या तिघींपैकी सगळ्यात इवलीशी उचलली.

"ही अठ्ठावीसच्या वर जायची नाही," तो म्हणाला. "आल्फोन्स असता तर नाचला असता."

"वीखिंग, तिला वेत देऊ नकोस. तुला माहीत आहे सगळं. दुसरं काहीही माग."

"मला दुसरं काही नकोय." पिल्लू त्याने कोटाच्या आतल्या खिशात सरकवलं, फक्त नाक बाहेर. "करार तुझ्या सहीचा आहे, इर्मट्राउड. आणि काळजी करू नकोस, मी तिला दवाखान्याच्या जवळ ठेवीन." तो हसला, आणि गेला.

दुपारी नुरसेल आपली दोन पिल्लं न्यायला आली. तिने टोपलीत बघितलं, मोजलं.

"सगळ्यात लहान कुठाय?"

"वीखिंगनं नेली."

"पाळायला?"

पाच आठवड्यांत पहिल्यांदाच नुरसेल तिच्या डोळ्यांत बघत होती.

"तुम्ही दिलीत?"

"त्याचा हक्क होता. करार झालेला."

"हो," नुरसेल म्हणाली. "तुमच्याकडे सगळं रीतसरच असतं." तिने एक पिल्लू एका काखेत घेतलं, एक दुसऱ्या. दार पायानेच ओढून घेतलं. मिर्टे दारापर्यंत गेली, फटीला नाक लावून उभी राहिली, आणि इर्मट्राउडने तिला दोनदा हाक मारली तरी मागे फिरली नाही.